लेकीकडे सहा महिने राहायला जायचंय? व्हिसासाठी पैशाचा पुरावा आणि प्रवेशाचे नियम समजून घ्या

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांची ही गोष्ट. शौहरचा इंतकाल होऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक ब्रिटनमध्ये, तिचं पहिलं बाळंतपण. खालांनी एजंटकडून व्हिसाचा अर्ज भरला. एजंट म्हणाला, "खात्यात चार लाख दिसले पाहिजेत." खालांनी दोन बांगड्या मोडल्या, भिशी उचलली, भावाने दीड लाख दिले. अर्जाच्या पंधरा दिवस आधी चार लाख रुपये खात्यात जमा झाले. त्याआधीचे साडेपाच महिने त्या खात्यात कधी आठ हजार, कधी बारा हजार.

व्हिसा नाकारला गेला. नकाराच्या पत्रात लिहिलं होतं की खात्यातली रक्कम कुठून आली याचा खुलासा नाही, त्यामुळे ती तुमचीच आहे यावर आमचा विश्वास बसत नाही. फी गेली ती परत मिळाली नाही. लेकीचं बाळंतपण आईशिवाय झालं.

खाला पत्र घेऊन माझ्याकडे वाचून घ्यायला आल्या. त्यांचा एकच प्रश्न होता, "मास्तर, पैसे तर माझेच होते. मग मी खोटं काय बोलले?"

त्या खोटं बोलल्या नव्हत्याच. पण पैसे असणं वेगळं आणि ते आपले आहेत हे कागदावर दाखवणं वेगळं. आपल्या किती तरी घरांतली मुलं-मुली आखातात, ब्रिटनमध्ये, कॅनडात, अमेरिकेत आहेत. अम्मी-अब्बांना तीन-चार महिने बोलवायचं, नातवंडांत राहू द्यायचं, एवढी साधी इच्छा असते. ती कागदाच्या चुकीने मोडू नये म्हणून हा लेख.

आधी तीन आकडे वेगळे करा

लोकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. "दहा वर्षांचा व्हिसा मिळाला" म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी मिळाली, असं नाही. प्रत्येक व्हिसात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात.

पहिली, व्हिसाची मुदत. म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत तुम्ही त्या देशात प्रवेश मागू शकता. दुसरी, एका खेपेला किती दिवस राहता येईल. तिसरी, किती वेळा प्रवेश करता येईल आणि एका वर्षात एकूण किती दिवस राहता येईल.

आणि या तिन्हींच्या वर आणखी एक गोष्ट आहे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. दार उघडायचं की नाही, हे तिथल्या विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. त्याने प्रश्न विचारले आणि उत्तरं पटली नाहीत, तर हातात खरा व्हिसा असूनही माणसाला परत पाठवता येतं. म्हणूनच पैशाचा पुरावा फक्त अर्जापुरता नसतो, तो प्रवासातही सोबत लागतो.

कोणत्या देशाचं काय?

*संयुक्त अरब अमिरात (दुबई, अबुधाबी, शारजा वगैरे).* इथे साधारणपणे ३० किंवा ६० दिवसांचा व्हिजिट व्हिसा घेतला जातो. पण ज्यांना वारंवार जायचंय त्यांच्यासाठी पाच वर्षांचा, अनेकदा प्रवेश देणारा पर्यटक व्हिसा आहे. त्याला तिथला कोणी स्पॉन्सर लागत नाही. अट अशी की मागच्या सहा महिन्यांत बँकेत ४,००० अमेरिकी डॉलर किंवा तेवढ्या मोलाची रक्कम असल्याचा पुरावा हवा. आपल्या रुपयांत साधारण साडेतीन लाख. सोबत आरोग्य विमा आणि किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट. एका खेपेला ९० दिवस राहता येतं, ते वाढवूनही घेता येतं, पण एका वर्षात एकूण १८० दिवसांच्या वर नाही.

इथे "सहा महिन्यांत" हे शब्द नीट वाचा. कालच भरलेले साडेतीन लाख या अटीत बसत नाहीत.

मुलगा तिथे नोकरीला असेल आणि तो आपल्या नावावर बोलावत असेल, तर त्याचा पगार बघितला जातो. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार आई-वडील, बायको, मुलं अशा जवळच्या नात्यासाठी महिन्याला किमान ४,००० दिरहम उत्पन्न लागतं. त्यापुढच्या नात्यासाठी ८,००० आणि मित्रासाठी १५,०००.

*ब्रिटन.* इथला साधा व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा. त्याशिवाय दोन, पाच आणि दहा वर्षांचेही व्हिसा मिळतात, पण त्यावरही एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. शिवाय पुन्हा पुन्हा जाऊन तुम्ही तिथेच वस्ती केल्यासारखं दिसलं, तर प्रवेश नाकारता येतो. पैशाची ठरलेली रक्कम कुठेही लिहिलेली नाही. प्रवासाचा, राहण्याचा आणि परत येण्याचा खर्च तुम्हाला किंवा तुम्हाला बोलावणाऱ्याला झेपतो का, एवढंच बघतात. एजंट जो "चार लाख", "सहा लाख" असा आकडा सांगतो, तो नियमात नाही.

*कॅनडा.* आई-वडील आणि दादा-दादी, नाना-नानींसाठी इथे सुपर व्हिसा आहे. त्याची मुदत दहा वर्षांपर्यंत असते आणि जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. इथे मुख्य प्रश्न अब्बांच्या खात्याचा नसतो, मुलाच्या उत्पन्नाचा असतो. कॅनडा सरकार कुटुंबाच्या संख्येप्रमाणे किमान उत्पन्न ठरवतं, आणि त्या संख्येत येणारे आई-वडीलही धरतात. मुलगा, सून, दोन मुलं आणि अम्मी-अब्बा, म्हणजे सहा माणसांचं उत्पन्न दाखवावं लागतं. त्याशिवाय किमान १ लाख कॅनडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा आरोग्य विमा आणि वैद्यकीय तपासणी लागते.

*अमेरिका.* भारतीयांना बहुतेक वेळा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळतो. पण एका खेपेला किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. व्हिसावरची तारीख बघून राहणारे इथेच फसतात. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालं, तर तीन वर्षांची प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा जास्त राहिलं तर दहा वर्षांची.

*युरोपातले शेंगेन देश.* इथला हिशेब सगळ्यात किचकट. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही तिथे आहात त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात तुमचे किती दिवस झाले ते बघायचं. पोहोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही धरतात. दोन-तीन दिवस शेजारच्या देशात जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते, हा गैरसमज आहे. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. रोजच्या खर्चासाठी किती पैसे दाखवायचे हे प्रत्येक देश वेगळं ठरवतो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक सवलत आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो.

*सौदी अरेबिया.* इथली एक गोष्ट आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी. पर्यटक किंवा व्हिजिट व्हिसावर हज करता येत नाही. हजच्या काळाबाहेर पर्यटक व्हिसावर उमरा करता येतो. पण हजच्या दिवसांत व्हिजिट व्हिसावर मक्केत जाणाऱ्यांना २०२५ मध्ये २०,००० रियालपर्यंत दंड ठेवला होता. "व्हिजिटवर या, बाकी मी बघतो" असं कोणी सांगितलं, तर तो तुमचा पैसा आणि तुमची नियत, दोन्हींशी खेळतोय असं समजा.

बँक स्टेटमेंट अधिकारी कसं वाचतो?

आपण शेवटची ओळ बघतो, म्हणजे शिल्लक किती. अधिकारी पहिल्या ओळीपासून वाचतो. त्याला तीन प्रश्न असतात. पैसे कुठून येतात? खर्च किती होतो? आणि आत्ताची शिल्लक या दोन्हींशी जुळते का?

समजा अब्बांना महिन्याला २८,००० रुपये पेन्शन आहे. १५,००० घरखर्चाला जातात, १३,००० मागे पडतात. दोन वर्षांत तीन लाखांच्या पुढे शिल्लक होते. हे स्टेटमेंट बघून कोणी काही विचारणार नाही. आता दुसरं खातं बघा. महिन्याला ५,००० येतात, ५,००० जातात, आणि अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम पाच लाख. शिल्लक पहिल्यापेक्षा जास्त, पण विश्वास कमी. हे पैसे कोणाचे तरी उसने आणलेत आणि व्हिसा मिळाला की परत जाणार, असंच वाचणाऱ्याला वाटतं.

आपल्या घरांची अडचण

इथे आपल्या समाजाची एक खास अडचण आहे, आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे. आपली बचत बँकेत कमी आणि बाहेर जास्त असते. सोनं, भिशी, आंब्याच्या हंगामाची रोकड, दुकानाच्या गल्ल्यातले पैसे, आखातातल्या मुलाने येताना आणलेले पैसे. व्याजाच्या भीतीने काही लोक बँकेपासून लांबच राहतात. घर खाऊन-पिऊन सुखी, पण स्टेटमेंट कोरं.

व्हिसासाठी मुदत ठेवच हवी असं कुठेही नाही. चालू खातंही चालतं, त्यावर सहसा व्याज नसतं. बचत खात्यात आपोआप जमा होणाऱ्या व्याजाचं काय करायचं, हा मसला आपल्या आलिमांना विचारा. पण त्या कारणाने खातंच न वापरणं तुमच्याच वाटेत येतं. ज्यांना पुढच्या वर्षी जायचंय त्यांनी आजपासून उत्पन्न खात्यात टाकायला सुरुवात करावी. सहा महिन्यांची ओळीने भरलेली पानं ही एजंटच्या शंभर युक्त्यांपेक्षा कामाची असतात.

आणि मोठी रक्कम एकदम जमा करावीच लागली तर? तरीही मार्ग आहे, फक्त प्रत्येक रकमेमागे एक कागद हवा.

- सोनं मोडलं असेल तर सराफाचं बिल, आणि शक्यतो पैसे चेकने किंवा थेट खात्यात घ्या.
- जमीन किंवा घर विकलं असेल तर नोंदणी केलेलं खरेदीखत.
- आंबा, काजू, भात विकला असेल तर व्यापाऱ्याच्या किंवा बाजार समितीच्या पावत्या आणि सातबारा.
- धंदा असेल तर उद्यमची किंवा जीएसटीची नोंदणी आणि मागच्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं.
- मुलाने परदेशातून पाठवले असतील तर बँकेमार्फत आलेली नोंद. हवाल्याने आलेला पैसा कायद्यात बसत नाही आणि त्याचा कोणताही पुरावाही नसतो.
- भिशीचे पैसे असतील तर ते लपवू नका. भिशीचे हप्ते खात्यातून गेलेले दिसत असतील आणि सोबतच्या पत्रात दोन ओळीत खुलासा असेल, तर वाचणाऱ्याला समजतं.

आणखी एक लक्षात ठेवा. २०,००० रुपये किंवा जास्त रकमेचं कर्ज रोखीत घेणं आपल्या आयकर कायद्यात बसत नाही. भावाने कर्जे-हसना दिलं तरी ते बँकेमार्फत घ्या. आणि अर्जात ते कर्ज आहे असंच लिहा.

मुलगा खर्च करणार असेल तर

बहुतेक घरांत खरी परिस्थिती हीच असते. तिकीट मुलगा काढतो, राहायचं त्याच्या घरी, खायचं त्याच्याकडे. मग अम्मीच्या खात्यात ओढून-ताणून चार लाख दाखवायची गरजच काय? जे खरं आहे तेच लिहा: "माझा खर्च माझा मुलगा करणार आहे." ब्रिटनसह अनेक देशांत हे चालतं.

मग पुरावे मुलाचे लागतात. त्याच्या पगाराच्या स्लिपा, त्याचं बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, तिथल्या वास्तव्याचा परवाना, घराचा भाडेकरार किंवा मालकीचे कागद, आणि निमंत्रणाचं पत्र. पत्रात कोण येणार, कधी, किती दिवस, कुठे राहणार, कोण खर्च करणार, एवढं साध्या भाषेत असावं. नातं सिद्ध करायला जन्माचा दाखला किंवा पासपोर्टवरची आई-वडिलांची नावं. सून किंवा जावई बोलावत असतील तर निकाहनामा.

निकाहनामा उर्दूत आणि सातबारा मराठीत असतो. तो तसाच जोडून उपयोग नाही. ब्रिटनच्या अर्जाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं लिहिलेलं, भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. मला उर्दू-मराठी दोन्ही येतं म्हणून लोक माझ्याकडे येतात, पण मी त्यांना सांगतो, मी समजावून देईन, भाषांतर मात्र हे काम रीतसर करणाऱ्याकडूनच घ्या.

परत येणार, हे कसं दाखवायचं?

पैशाइतकाच महत्त्वाचा हा दुसरा प्रश्न. माणूस सहा महिन्यांनी खरंच परत येईल का? त्यासाठी इथली मुळं दाखवायची असतात. नोकरी असेल तर मंजूर रजेचं पत्र. पेन्शनचे कागद. स्वतःचं घर, शेती, दुकान. इथे राहणारी बाकीची मुलं, म्हातारी आई. आधी कुठे जाऊन वेळेत परत आला असाल तर जुन्या पासपोर्टवरचे शिक्के.

आणि भेटीचं कारण बोलताना शब्द जपून वापरा. "नातवाला सांभाळायला चाललेय, सून नोकरी करते" असं अनेक अम्मी सहज बोलून जातात. आपल्यासाठी हे प्रेम आहे, अधिकाऱ्याला ते काम वाटू शकतं. ब्रिटनच्या नियमात घरच्या पाहुण्याने थोड्या दिवसांच्या भेटीत मुलाकडे बघणं चालतं, पण पगारी दाईच्या जागी आल्यासारखं ते दिसता कामा नये. खोटं बोलू नका, पण खरं कारण आधी सांगा: "लेकीला भेटायला, बाळाला बघायला चाललेय, अमुक तारखेला परत येणार." व्हिजिट व्हिसावर नोकरी, दुकानात बसणं, भावाच्या धंद्यात हात लावणं, हे कुठेच चालत नाही.

विमानतळावर हातात काय असावं?

मे २०२४ मध्ये दुबईला निघालेल्या बऱ्याच भारतीयांना विमानतळावर अडवल्याच्या बातम्या आल्या होत्या. व्हिसा होता, पण बाकीचं नव्हतं. तेव्हापासून हे चार कागद पक्के लक्षात ठेवा: सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट, परतीचं पक्कं तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि खर्चाचे पैसे. महिन्याच्या व्हिसासाठी ३,००० दिरहम आणि त्याहून मोठ्या व्हिसासाठी ५,००० दिरहम रोख किंवा कार्डावर दाखवता यायला हवेत. ३,००० दिरहम म्हणजे आपले सत्तर हजारांहून थोडे जास्त. मुलाकडे राहणार असाल तर त्याच्या एमिरेट्स आयडीची प्रत, भाडेकराराची प्रत आणि फोन नंबर जवळ ठेवा.

भारतातून निघताना बहुतेक देशांसाठी एका खेपेला ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच परकीय चलन रोख नेता येतं. बाकीचं फॉरेक्स कार्डावर घ्या. रोख चलन अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि पावती पासपोर्टसोबत ठेवा.

नावाचीही एक गोष्ट. आपल्याकडे पासपोर्टवर फक्त "फातिमा" किंवा "इब्राहिम" एवढंच एक नाव असलेले बुजुर्ग बरेच आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीत व्हिजिट व्हिसावर असं एकच नाव चालत नाही. मात्र पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर ते मान्य केलं जातं. तसंच पासपोर्टवर मोहम्मद, बँकेत मोहद आणि आधारवर मोहंमद असं असेल तर अर्जाआधी ते एकसारखं करून घ्या. पैसा ज्याच्या नावावर आहे तो आणि प्रवासी एकच माणूस आहे, हे कागदांवरून कळलं पाहिजे.

आता सामानाचं. मसाल्याच्या डब्यात खसखस घालू नका. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि आपण ती बिर्याणीच्या मसाल्यात नकळत नेतो. ट्रामाडॉल, कोडीनसारखी वेदनाशामक औषधं तिथे नियंत्रित आहेत. अब्बांच्या गोळ्यांसोबत डॉक्टरची चिठ्ठी ठेवा आणि गोळ्या मूळ पाकिटातच न्या.

आणि शेवटचं, पण फार महत्त्वाचं. मदरशाचा किंवा मशिदीचा चंदा जमवायला काही लोक रमजानच्या सुमारास व्हिजिट व्हिसावर जातात. अमिरातीत परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा आहे, मग नियत कितीही चांगली असो. पावतीपुस्तक घेऊन व्हिजिटवर जाऊ नका आणि कोणाला पाठवू नका.

मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर अमिरातीत दिवसाला ५० दिरहम दंड बसतो. महिनाभर म्हणजे १,५०० दिरहम, साधारण पस्तीस हजार रुपये. मुदत संपायची तारीख पहिल्याच दिवशी कागदावर लिहून फ्रीजवर लावा.

"पैसे दाखवून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध

काही एजंट थोड्या दिवसांसाठी तुमच्या खात्यात पैसे टाकतात, टक्केवारी घेतात आणि काम झालं की काढून घेतात. काही जण बनावट स्टेटमेंटच छापून देतात. अर्ज तुमच्या नावावर, सही तुमची, मग शिक्षाही तुम्हालाच. खोटे कागद पकडले गेले तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत आणि कॅनडात पाच वर्षांची बंदी येऊ शकते. पुढे दुसऱ्या देशाच्या अर्जातही "आधी नकार आला होता का?" हा प्रश्न असतो, आणि तिथे खरं लिहावंच लागतं.

कायद्याचं सोडा, आपल्या दीनमध्येही खोटी साक्ष मोठा गुनाह आहे. अर्जावरची सही ही एक साक्षच आहे. एजंटने अर्ज भरला असेल तरी सही करण्याआधी प्रत्येक ओळ मुलाकडून किंवा जाणकाराकडून वाचून घ्या, आणि भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या. प्रत द्यायला टाळाटाळ करणारा एजंट सोडून द्या.

नकार आला तर

घाबरू नका, पण लगेच तोच अर्ज पुन्हा टाकूही नका. नकाराचं पत्र शब्दन् शब्द वाचा. त्यात कारण असतं. पैशाचा उगम कळत नाही असं लिहिलं असेल तर उगमाचे कागद जमवा. परत येण्याबद्दल शंका असेल तर इथली मुळं दाखवा. नवा अर्ज करताना जुना नकार लपवू नका, उलट सोबतच्या पत्रात त्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर द्या. आणि अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताजे नियम बघा. फी, रकमा, अटी बदलत असतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी बहुतेक वेळा जुनी असते.

खालांनी आठ महिने थांबून दुसरा अर्ज केला. या वेळी विधवा पेन्शन आणि शिवणकामाचे पैसे दर महिन्याला खात्यात जमा होत होते. बांगड्यांचं सराफाचं बिल जोडलं. भावाचे पैसे त्यांनी परत करून टाकले, कारण त्यांची गरजच नव्हती. खर्च जावई करणार असं स्पष्ट लिहिलं, आणि त्याचे कागद लावले. खात्यात पहिल्यापेक्षा निम्मेही पैसे नव्हते. व्हिसा मिळाला.

त्या पोहोचल्या तेव्हा नातू भिंतीला धरून उभा राहत होता. बाळंतपणाचे दिवस मात्र परत येणार नव्हते. तुमच्या घरात असं होऊ नये. पुढच्या वर्षी जायचं असेल, तर खात्याकडे आजच बघा.